टॉमचे ओठ

हॅरिएट बीचर स्टो यांची १८५२ सालची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी मराठी चित्रकादंबरीच्या रूपात आणावी, हा विचार मला 'गुलामगिरी' वाचताना सुचला. १८७३ साली जोतिराव फुले यांनी आपले ते पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले होते. ते दास्य मराठी वाचकाला समोर दिसावे, असे मला मनापासून वाटत होते.

मूळ ४५ प्रकरणांची काटछाट त्यामानाने लवकर झाली. लेखिका वाचकाला थेट उद्देशून बोलते तो भाग बहुतेक गाळला.

खरी अडचण कादंबरीचा गुलाम नायक टॉम याच्यापाशी आली. माझ्या पहिल्या रेखाटनांत तो पिकल्या केसांचा, वाकलेला म्हातारा होता, कारण जुन्या चित्रांमुळे तोच मनात ठसला होता. मूळ मजकूर पुन्हा उघडला, तर तिथे रुंद छातीचा, धिप्पाड, तकतकीत काळ्या कांतीचा, घरात तान्ही मुलगी असलेला बाप होता. ती सगळी पाने मी रद्द केली. मळ्याचा मालक लेग्री एका बाईला फटके मारण्याचा हुकूम सोडतो आणि टॉम नकार देतो, त्या नकाराला वजन येते ते याच बळकट हातांमुळे. म्हणून त्या चौकटीत मी फक्त पुढे केलेला चाबूक आणि कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली, खाली सोडलेली त्याची बोटे काढली.

शेवटची मारहाण स्टो यांनी तपशिलात सांगितलेलीच नाही. असले ऐकवत नाही, असे म्हणून त्या पुढे जातात. मी प्रथम अमेरिकेतील बॅटन रूज येथील, एका गुलामाची फटक्यांनी वळ उठलेली पाठ दाखवणाऱ्या १८६३ सालच्या प्रसिद्ध छायाचित्राच्या आधारे वळांनी भरलेली पाठ काढली. रेषा सुरेख उतरल्या, आणि तेच मला असह्य झाले: नजर वळांवरून फिरत राही आणि माणूस हरवून जाई. नंतर चौकट पूर्ण काळी केली, पण ती पळवाट वाटली. अखेरीस टॉमचा चेहरा आणि माळ्यावर लपलेल्या, लेग्रीच्या तावडीतून निसटू पाहणाऱ्या कॅसी व एमेलीन या गुलाम स्त्रिया अशा आलटूनपालटून सहा चौकटी ठरल्या, कारण त्यांचा ठावठिकाणा न सांगण्यासाठीच तो मार खात असतो.

त्या पानावर शब्द नाहीत, त्यामुळे सारा भार ओठांवर आला. ते घट्ट मिटले की हट्ट दिसे, सैल सोडले की गयावया. कित्येकदा खोडून शेवटी खालचा ओठ दातांखाली किंचित दाबलेला ठेवला आणि त्यावर शाई फिरवली.