मे महिन्यातलं मोम्बासा: पाऊस धरून आखलेली सहल

केनियाच्या किनाऱ्यावर मे महिन्यात जायचं म्हटल्यावर ट्रॅव्हलवाल्याने तोंडच वाकडं केलं. "मॅडम, तेव्हा पाऊस असतो हो. जानेवारीत जा." जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन कोण बघणार? शिवाय आम्ही चिपळूणची माणसं, पाऊस असतो म्हटलं की किती असतो ते आधी विचारतो. मोम्बासाला अख्ख्या वर्षात हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, त्यातला सर्वात जास्त मे महिन्यात. आमच्याकडे एवढा एकट्या जुलैत होतो.

आणि वारा तर आपल्या ओळखीचाच. एप्रिलच्या सुमारास तिथे आग्नेयेकडून वारे सुरू होतात, स्वाहिलीत त्यांना 'कुसी' म्हणतात. तेच पुढे विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडे पोचतात. तिथल्या पावसाचा जोर ओसरायला लागतो आणि इथला पाऊस सुरू होतो, म्हणून मेच्या अखेरीस निघून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतायचं ठरवलं. शाळा उघडायच्या आत घरी.

खरी डोकेदुखी भिजण्याची नाहीच. पावसात काय काय बंद पडतं ते आधी कळायला हवं. मोम्बासाच्या दक्षिणेला डियानीच्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या बाईंना मी फोनवर खोदून खोदून विचारलं. कुसीत समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ होतं, किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येतात. काही हॉटेलं एप्रिल-मेमध्ये डागडुजीसाठी बंदच असतात. वासिनी बेटाकडून किसिते सागरी उद्यानात जाणारी होडी सुटणार की नाही, ते त्या दिवशी सकाळी कळतं. मग होडीचा बेत मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवला, म्हणजे रद्द झाली तरी पुढचे दिवस हाताशी. उत्तरेकडचं लामू बेट यादीतून काढून टाकलं. सासूबाईंनी कालनिर्णय उघडून पौर्णिमा कधी ते पाहिलं आणि उधाणाच्या दिवशी कुणीही होडीत बसायचं नाही असं जाहीर केलं. चंद्र तिथेही तोच, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

सफारीचंही तसंच. पावसात गवत माणसाच्या उंचीचं होतं, पाणी सगळीकडे मिळतं, मग जनावरं पाणवठ्यावर कशाला येतील? आत शिरून चिखलात गाडी रुतवण्यापेक्षा नैरोबी ते मोम्बासा मादाराका एक्स्प्रेसने जायचं ठरवलं. ही गाडी २०१७ मध्ये सुरू झाली, पाच-सहा तासांत पोचवते आणि वाटेत त्सावोच्या जंगलातून जाते. तिथल्या मातीने लालबुंद झालेले हत्ती आम्हाला खिडकीतूनच दिसले, तेही फुकटात. मात्र २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये केनियात पुराने दोनशेहून जास्त माणसं गेली, हे विसरून चालत नाही. त्यामुळे विमान आणि रेल्वे यांच्यात एक रात्र मोकळी ठेवली, आणि सहल रद्द झाली तरी पैसे परत देणारा विमा घेतला.

व्हिसाचं प्रकरण सोपं निघालं. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि फोटो चढवला की काम झालं.

वेळ खाल्ला तो लसीने. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस केनियाला जाताना भारतीयांकडे मागत नाहीत, परतताना आपलंच सरकार मागतं. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आम्ही मुंबईच्या सरकारी केंद्रात वेळ घेऊन गेलो. पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्टचा नंबर हाताने लिहितात. खिडकीतून हलायच्या आत मी एकेक आकडा पासपोर्टशी ताडून पाहिला. मागच्या माणसाने उसासा टाकला तर टाकला. सासूबाई साठीच्या पुढच्या. ही जिवंत विषाणूची लस असल्याने त्या वयात जास्त जपतात. त्यांच्या फाइलसकट आधी आमच्या डॉक्टरांना भेटलो, ते हो म्हणाल्यावरच टोचून घेतलं. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही आधी विचारावं.

मलेरियाच्या गोळ्यांचं नाव काढल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "इथे डास नाहीत होय?" आहेत, पण तिथे मुख्यतः फाल्सिपेरम हा मलेरियाचा जीवघेणा प्रकार असतो, आणि किनाऱ्यावर बाराही महिने. डॉक्टरांनी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिहून दिलं. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परतल्यावर सात दिवस चालू. स्वस्तातलं डॉक्सिसायक्लिनही चालतं, पण ते परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं.

बॅग भरताना घरात खटका उडाला. आपल्याकडे पावसाळी प्रवास म्हणजे कपड्यांचा प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. केनियात २०१७ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, दंड जबर. सासूबाईंच्या गाठी मारलेल्या सगळ्या पिशव्या सोडवल्या आणि कपडे सुती पिशव्यांत घालून वरून रेनकोट गुंडाळला. तिथले प्लग जाड तीन पिनांचे, इंग्लंडसारखे, त्यासाठी अडॅप्टर घेतला.

प्रत्यक्षात पाऊस आम्हाला बहुतेक वेळा पहाटेच गाठायचा, दहा वाजेपर्यंत ऊन पडलेलं असायचं. होडी पहिल्या दिवशी रद्द, दुसऱ्या दिवशी सुटली. पाणी गढूळ होतं, पण डॉल्फिन दिसले. मोम्बासाचा जुना पोर्तुगीज किल्ला फोर्ट जीझस पावसात पाहायलाच बरा, गर्दी नव्हती. मोम्बासा बेटावरून दक्षिण किनाऱ्याला जाणाऱ्या लिकोनीच्या फेरीबोटीवर पायी चढलो, पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही. पलीकडे टुकटुक मिळाली ती बजाजची, मग घासाघीस पुण्याच्या रिक्षासारखीच केली.

परतलो तर इथे पाऊस सुरू झालेला. पुढे दोन-तीन महिन्यांत कुणाला ताप आला, तर डॉक्टरला पहिल्यांदा केनियाहून आल्याचं सांगायचं, असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. नाहीतर पावसाळ्यात आपल्याकडे 'व्हायरल असेल' म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या हातात पडतात.