दुसरा कर्नल उठेना

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका मासळीच्या शीतगृहातला लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. खोल्यांचं तापमान त्यावर नोंदलं जातं. मे महिन्यात तो तीनदा रात्री कोसळला. सकाळी बटण दाबून उठवायचा, तर लॉगमध्ये काहीच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळला की मेमरीची नक्कल फाइलीत जपणारा केडम्प तर चालू होता! तपासणीच्या फाइलमध्ये १ दिसत होता, म्हणजे संकटकाळचा दुसरा कर्नल मेमरीत तयार होता. तरी क्रॅशचं फोल्डर रिकामंच.

१ जूनला मासेमारी बंदी लागली, खोल्या रिकाम्या झाल्या. मालकांना म्हटलं, "भाऊ, मशीन मुद्दाम पाडून बघायला हवं." ते म्हणाले, "पाड, पण बोटी सुटायच्या आत उभं कर."

सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या फाइलमध्ये 'सी' लिहिलं की कर्नल त्याच क्षणी पॅनिक होतो, म्हणजे कोसळतो. झालाही. स्क्रीन गोठली, ती दहा मिनिटांनीही तशीच. दुसरा कर्नल, मशीन चालू होताना हार्डवेअर जागं करणाऱ्या बायोसकडे न जाता थेट राखीव मेमरीत सुरू होतो, ग्राफिक्स कार्डाला नव्याने कुणी जागं करत नाही. स्क्रीनकडे बघत बसणं चुकीचंच होतं. जुन्या लॅपटॉपला सीरियल केबल जोडली, दोन्ही कर्नलांचे संदेश तिच्यावर यावेत म्हणून ११५२०० वेगाचा कन्सोल दिला आणि पुन्हा पाडलं. या वेळी तो बोलला! बराच पुढे गेला आणि मध्येच 'आउट ऑफ मेमरी'. राखीव १२८ एमबी ड्रायव्हर भरता भरताच संपली होती. २५६ केली, कर्नल सुरू करणारं ग्रब अपडेट केलं, रीबूट.

तिसऱ्यांदा मेमरी पुरली, पण डिस्कच सापडेना. डिस्क जोडणाऱ्या रेड कार्डाचा ड्रायव्हर नुसता टाइमआउट देत होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी दोन दिवस त्याच चार ओळी वाचत होतो. कारण पुन्हा तेच निघालं: बायोसचा फेरा नाही, म्हणून कार्ड मेलेल्या कर्नलच्या अर्धवट कामात अडकलेलं. 'रिसेट डिव्हायसेस' हा पर्याय त्यासाठीच असतो, आधी उपकरण कोरं कर असं तो ड्रायव्हरला सांगतो. केडम्प दुसऱ्या कर्नलला जी पर्यायांची ओळ देतो तीत तो मूळचा होता, गेल्या वर्षी ओळ बदलताना माझ्या हातून गळला. परत घातला. केडम्प पुन्हा लोड करायला मात्र विसरू नका, नाहीतर जुनीच ओळ चालते.

चौथ्यांदा मेमरीची नक्कल लिहिणाऱ्या मेकडम्पफाइलचे टक्के सरकू लागले, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मेमरीचे तुकडे म्हणजे पानं; त्यातली मोकळी पानं, शून्याची पानं, कॅश आणि प्रोग्रामांची पानं ते गाळतं, म्हणून १६ जीबीतून जेमतेम ४०० एमबीची फाइल आली.

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याने मशीन खरंच पडलं. सकाळी फोल्डरमध्ये व्हीएमकोअर, म्हणजे मेमरीच्या नकलेची फाइल, होती. डीबग माहितीच्या व्हीएमलिनक्स या कर्नलच्या फाइलसोबत ती क्रॅश टूलमध्ये उघडली, कोणत्या फंक्शनमधून कोणतं चाललं होतं ते दाखवणारं 'बीटी' दिलं. पॅनिकच्या नेहमीच्या ओळींखाली नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं फंक्शन होतं. बाहेर बर्फाच्या गाड्या लागल्या होत्या, त्याच दुपारी दुसरं कार्ड बसवलं.