फर्नेसची कॉइल आणि दोन मिलिलिटरची बाटली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत माझे वडील २८ वर्षे मेल्टिंगला होते. इंडक्शन फर्नेस (विजेच्या कॉइलने धातू वितळवणारी भट्टी) चालू झाली की मीटरकडे बघण्याआधी ते कॉइल थंड ठेवून परत येणाऱ्या पाण्याच्या रबरी होजवर तळहात ठेवत आणि पाणी किती कोमट येते आहे यावरून पॉवर चढवायची की थांबायचे ते ठरवत. मी चुंबकीय नॅनोकणांच्या साहाय्याने कर्करोगाच्या गाठी तापवण्याच्या संशोधनात काम करते. माझ्या टेबलावरची कॉइलही तांब्याच्या नळीचीच आहे आणि तिच्यातूनही पाणी वाहते. फ्लो सेन्सर बसवलेला असूनही मी होजवर हात ठेवते, याचे विद्यार्थ्यांना हसू येते.

बी.एस्सी.ला असलेली गावाकडची मुले मला नेहमी विचारतात की, फिजिक्स घेऊन दवाखान्याच्या कामात कसे शिरता येते. माझा रस्ता सरळ नव्हता. मराठी शाळा, टिळकवाडीतले कॉलेज आणि त्यानंतर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी. असा तो होता. मी शाळेत ‘लोहचुंबक’ शिकले, तर माझ्या कन्नड मैत्रिणी ‘अयस्कांत’ शिकून आल्या होत्या, आणि दोघींनाही तोंडी परीक्षेत ‘मॅग्नेट’ म्हणावे लागले. तेव्हा ‘मेडिकल फिजिक्स’ म्हटले की मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि त्यानंतर रेडिओथेरपी विभागातली नोकरी एवढेच आम्हाला ठाऊक होते. तो रस्ता उत्तम आहे, पण तो किरणोत्साराचा आहे. चुंबकत्वाचे लोक सहसा पदार्थविज्ञानाच्या दाराने आत येतात. मीही फेराइट या चुंबकीय पदार्थावर पीएच.डी. करायला पुण्यात गेले आणि तिथे शेजारच्या जीवशास्त्र विभागाने आमच्या कणांची चौकशी केल्यावर या कामात ओढली गेले.

आता मूळ विषयाकडे येते. फर्नेसमध्ये जे घडते ते एडी करंटमुळे घडते. काही शे ते हजार हर्ट्झच्या वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र स्क्रॅपमध्ये भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांना होणाऱ्या विरोधातून उष्णता तयार होते. ७७० अंशांच्या पुढे लोखंडाचे लोहचुंबकत्व नाहीसे होते, तरी एडी करंट चालूच राहतात, म्हणून माल पुढे वितळतो आणि १४०० अंशांच्या आसपास साच्यात ओतता येतो. गाठ तापवताना आम्हाला हवे असतात फक्त ४२ ते ४६ अंश, आणि तेही गाठीपुरते. त्यासाठी मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह ऑक्साइडचे साधारण १० ते १५ नॅनोमीटरचे कण वापरतात. १० नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. इतक्या लहान कणात एडी करंटला फिरायला जागाच नसते. तिथे उष्णता निराळ्या वाटेने येते. एक तर कणाच्या आतले चुंबकत्व दिशा बदलते, ज्याचे गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४९ मध्ये मांडले, किंवा अख्खा कणच द्रवात वळतो आणि आजूबाजूच्या द्रवाशी घासतो. दोन्हींमध्ये क्षेत्राच्या मागे पडण्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजली जाते.

ही कल्पना नवी नाही. गिलख्रिस्ट या शल्यचिकित्सकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच लसीका ग्रंथींत लोह ऑक्साइडचे कण सोडून त्या बाहेरच्या क्षेत्राने तापवून दाखवल्या होत्या. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीसाठी अशा उपचाराला युरोपात परवानगी मिळायला मात्र २०१० साल उजाडले. मधल्या अर्धशतकात काय अडले होते, हे मला पुस्तकांपेक्षा स्वतःच्या एका फजितीतून जास्त कळले.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी पहिला बरा नमुना तयार केला. फेरस आणि फेरिक क्लोराइड एकास दोन प्रमाणात घेऊन, वर नायट्रोजन सोडून, अमोनिया ओतला की तांबूस पाणी डोळ्यांदेखत काळे होते; बीकरखाली चुंबक धरला की तो काळा गाळ तळाशी ओढला जातो आणि वर नितळ पाणी उरते. हे धुऊन, सायट्रिक ॲसिडचे आवरण देऊन, दोन मिलिलिटरची बाटली मी कॉइलमध्ये ठेवली आणि तापमान मोजायला नेहमीचा थर्मोकपल बुडवला. आकडा असा भराभर चढला की त्या रात्री मी घरी फोन करून वडिलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी गाइडनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘नुसते पाणी ठेवून बघितलेस का?’ बघितले नव्हते. ठेवले, तर नुसते पाणीही ‘तापले’. थर्मोकपलची तार स्वतःच धातूची, म्हणजे माझ्या बाटलीत मी एक इवलीशी इंडक्शन फर्नेस सोडली होती. अशा क्षेत्रात तापमान मोजायला फायबर ऑप्टिक प्रोब लागतो. तो मिळायला आठ महिने गेले, आणि त्यानंतरचे खरे आकडे पहिल्या आकड्यांच्या पाव भागाइतकेही नव्हते. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘बरं झालं की. खरं, माणूस पण पाण्याचाच असतो न्हवं?’ (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

त्यांनी नेमके दुखणे पकडले होते. माणसाचे शरीर खारट पाण्याचे, म्हणजे वीजवाहक आहे, त्यामुळे एडी करंट त्यातही फिरतात आणि निरोगी स्नायू, चरबी, कातडी यांनाही तापवतात. ही उष्णता क्षेत्राची तीव्रता, वारंवारता आणि शरीराची त्रिज्या या तिन्हींच्या गुणाकाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. दीड सेंटीमीटर त्रिज्येच्या उंदराऐवजी पंधरा सेंटीमीटरचे माणसाचे धड कॉइलमध्ये आले तर तेच क्षेत्र दर घनसेंटीमीटरला शंभरपट उष्णता निर्माण करते. म्हणून उंदरांवर केलेले झगमगीत प्रयोग वाचताना मी आधी कॉइलचे आकडे पाहते आणि बहुधा निष्कर्ष वाचायची गरज उरत नाही. ॲटकिन्सन आणि ब्रेझोविच या संशोधकांनी १९८४ मध्ये माणसांवर चाचणी घेऊन सोसण्याची मर्यादा सुचवली: तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार ४८.५ कोटी अँपिअर प्रति मीटर-सेकंद. लहान भागावर काम करायचे तर ती थोडी ओलांडता येते, पण १०० किलोहर्ट्झला ती फक्त ४८५० अँपिअर प्रति मीटर एवढीच परवानगी देते. ज्या परिणामावर आमच्या घरची चूल पेटली, त्यालाच रुग्णाच्या अंगातून बाहेर ठेवणे हे माझे अर्धे काम आहे.

उरलेले अर्धे पेशींशी झगडण्यात जाते. पाण्यात सुटे राहणारे कण रक्तद्रवात घातले की प्रथिने त्यांच्यावर थर चढवतात आणि ते गोळा होतात. पेशीने गिळल्यावर त्यांना वळायला मोकळीक नसते, मग वळण्यातून मिळणारी उष्णता जवळजवळ बंद होते. शिरेतून दिले तर यकृत आणि प्लीहा त्यांना उचलून घेतात, म्हणून सध्या कण थेट गाठीत टोचतात. भौतिकीच्या माणसाने ही पेपरातली ओळ म्हणून वाचणे वेगळे आणि तीन महिन्यांचा नमुना सीरममध्ये (रक्तातल्या पिवळसर द्रवात) चिकटून बसलेला पाहणे वेगळे. जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांशी बोलायला शिकणे मला क्वांटम मेकॅनिक्सपेक्षा जड गेले, कारण ते लोक ‘साधारण’ हा शब्द फार शांतपणे वापरतात.

कामाच्या संधींविषयी थोडक्यात लिहायचे तर गाठी तापवणे हा या क्षेत्राचा लहानसा कोपरा आहे. एमआरआय यंत्रे बनवणारे आणि सांभाळणारे लोक आहेत, हृदयाचे पिकोटेस्ला एवढे क्षीण क्षेत्र मोजणारे आहेत, आणि तपासणी किटमध्ये लागणारे चुंबकीय मणी बनवणारे आहेत. २०२० मध्ये कोविडच्या अनेक प्रयोगशाळांत विषाणूचे आरएनए याच मण्यांना चिकटवून, बाजूला चुंबक धरून वेगळे केले जात होते. फाउंड्रीतल्या जुन्या वाळूतून लोखंड ओढून काढणारा मॅग्नेटिक सेपरेटर ज्याने पाहिला आहे, त्याला ते वेगळे समजावावे लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर वडील प्रयोगशाळेत आले होते. होजवर हात ठेवून झाल्यावर त्यांनी बाटली उजेडात धरली आणि यात लोखंड किती असे विचारले. दहा मिलिग्रॅम म्हटल्यावर त्यांना विश्वास बसेना. मग त्यांनी विचारले, ‘आणि स्लॅग? काम झाल्यावर हे लोखंड कुठं जातं?’ (स्लॅग म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणारी, काढून टाकायची मळी.)

चांगला प्रश्न होता. आपल्या अंगात एरवीही तीन-चार ग्रॅम लोह असते. कण विरघळले तर ते लोह फेरिटिन या प्रथिनात साठते, आणि फेरिटिनच्या एका गोळ्यात ४५०० पर्यंत अणू मावतात. पण गाठीत टोचलेला साठा पटकन विरघळत नाही. तो तिथे राहिला की एमआरआयवर त्या जागी काळा डाग येतो, आणि गाठ परत वाढते आहे का, हे नेमके ज्या ठिकाणी पाहायचे असते तिथेच काही दिसत नाही. मी वडिलांना हे सांगितले, तर ते म्हणाले, ‘म्हणजे स्लॅग काढायचं अजून जमलं नाही तुम्हाला.’ सध्या माझे दोन विद्यार्थी लवकर विरघळणारे आवरण शोधत आहेत, आणि या महिन्यातला नमुना चौथ्या दिवशीच सीरममध्ये गोळा झाला आहे.