गुंठा आला कुठनं?

आमच्या शेताची मोजणी झाली एकदाची. इंदापूर तालुक्यात आमची दोन एकर आहे, आणि शेजारी चुलते, त्यांच्याशी बांधावरनं कितीतरी वर्षं धुसफूस, ते म्हणणार तुम्ही बांध कोरला आणि आम्ही म्हणणार तुम्ही. शेवटी पैसे भरले, नोटिसा गेल्या, आणि एक दिवस मोजणीवाले साहेब काठीवर पांढरा डबा घेऊन हजर. त्याला रोव्हर म्हणतात, सॅटेलाईटवरनं जागा घेतो. मला वाटलेलं साखळी ओढत येतील.

साखळी नव्हती पण साहेबांकडे आमच्या गटाच्या जुन्या टिपणाची नक्कल होती आणि तिच्यावर सगळी मापं साखळी-आण्यात! शेताच्या मधून एक सरळ रेघ धरायची, तिच्यापासून काटकोनात प्रत्येक कोपरा किती लांब ते लिहायचं, झालं टिपण. साखळी 33 फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. आणि 33 गुणिले 33 केलं की 1089 चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा! असे 40 झाले की एकर. आयुष्यभर गुंठा गुंठा करतोय, प्लॉटच्या जाहिरातीत, लग्नाच्या बोलणीत, आणि तो निघाला साखळीच्या लांबीचा चौकोन.

मग वाचत बसलो. तर ही जमीन मोजून शेतसारा ठरवायची पद्धत बसवली गेली ती आमच्याच तालुक्यात, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून सारा ठरवायचा घाट घातला होता, हिशोब कागदावर भारी पण सारा असा बसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग 1835-36 च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली, मातीचा रंग बघ, खोली बघ, चुनखड आहे का, वाळू आहे का, उतार किती, आणि त्यावरनं जमिनीला आणे द्यायचे. सर्वात चांगली सोळा आणे, सर्वात हलकी दोन आणे. सारा 30 वर्षांसाठी कायम. आता सारा इंग्रजांच्याच खिशात जाणार होता, तेव्हा फार कौतुक नको, पण माती हातात घेऊन बघितली हे खरं.

त्याच काळात देशाचा नकाशा दुसऱ्याच टोकाकडनं चाललेला. लॅम्बटन नावाच्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासजवळ पहिली रेघ मोजली, तीही साखळीनेच, पण पोलादी, शंभर फुटी, आणि उन्हाने साखळी लांबते म्हणून शेजारी थर्मामीटर. मग त्या एका रेघेवर त्रिकोणावर त्रिकोण रचत उत्तरेकडे. एक बाजू मोजलेली असली की बाकीचे नुसते कोन बघायचे, जमीन परत मोजायला नको. हे करत करत तो 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, थडगं तिथंच आहे. पुढे त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. आमच्या टिपणवाल्याला असल्या भानगडी नव्हत्या, भर उन्हात चिखलातनं ओढायची साखळी.

तर निकाल. कोपऱ्याचा जुना दगड सापडला बाभळीच्या मुळात, अर्धा गाडलेला, आणि त्यावरनं बांध चार फूट सरकलेला निघाला, चुलत्यांच्या बाजूला. म्हणजे कोरला आम्हीच. तात्या (माझे वडील) काही बोलले नाहीत, साहेबांना म्हणाले, "ते जाऊ द्या, आमच्या सातबाऱ्यावर 81 लिहिलंय आणि आमचे तर ऐंशीच गुंठे, तो एक जास्तीचा कुठंय?"

साहेबांनी शांतपणे सांगितलं की सातबाऱ्यावर आर आहेत, आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान, म्हणून 80 गुंठ्यांचे 81 आर होतात. तात्यांना पटलं नाही. त्यांच्या मते तो गुंठा चुलत्यांकडेच आहे.