कंदील हाताने चिकटवायचा असतो

ऑगस्ट संपतो न संपतो तोच इथे जर्मनीत, बॉनमध्ये, सुपरमार्केटात लेबकुखेन, म्हणजे ख्रिसमसचे मसालेदार केक, येऊन पडतात. बाहेर ऊन असतं, लोक हाफ पँटीत फिरत असतात, आणि आत ख्रिसमस सुरू! मग ऑक्टोबरात हॅलोविनचे प्लास्टिकचे सांगाडे. गंमत म्हणजे हॅलोविन इथला नाहीच. १९९१ ला गल्फ वॉरमुळे ऱ्हाईनकाठच्या कार्निव्हलच्या मिरवणुका रद्द झाल्या, वेशभूषांच्या धंद्याला फटका बसला, आणि पुढे नव्वदीत त्याच धंदेवाल्यांनी हॅलोविन उचलून धरला. हे कळल्यापासून ते सांगाडे मला नकोसेच वाटतात.

पण ११ नोव्हेंबर आला की मी सगळं विसरते. सांक्ट मार्टिन, म्हणजे संत मार्टिनचा सण! हा मार्टिन रोमन सैनिक होता, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, एवढीच गोष्ट. त्यासाठी बालवाडीतली पोरं आठवडाभर कंदील करतात, आईबाबांनाही चिकटवायला बसवतात. माझ्या लेकीने साळिंदर केलं होतं, एका बाजूचा कागद गोंदाने पार सुरकुतलेला, काटे वाकडे, पण दुकानातला घेऊ का विचारलं तर रडायला लागली. अंधार पडल्यावर सगळी मुलं कंदील घेऊन गाणी म्हणत निघतात, पुढे लाल झग्यातला मार्टिन खऱ्या घोड्यावर, शेवटी मोठी शेकोटी, आणि प्रत्येकाच्या हातात वेकमान, मनुक्यांचे डोळे आणि मातीची चिलीम लावलेला पावाचा माणूस. नंतर पोरं दारोदार जाऊन गाणी म्हणतात आणि खाऊ घेतात, मला तर आपला भोंडला आणि खिरापतच आठवते बघा.

तिचा हात धरून चालताना बाबा डोळ्यांसमोर होते, कामट्या तासणारे, खळ शिजवणारे, आणि झिरमिळ्या कापायचं काम माझं. इतकी वर्षं मी इथे दिवाळीला प्लास्टिकचा आकाशकंदील लावतेय, आणलेला, तयार. मला खूप लागलं ते.

घरी येऊन रात्री साळिंदर गॅलरीत त्या प्लास्टिकच्या कंदिलाशेजारी टांगलं आणि सकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला, म्हटलं कामट्या इथे कुठे मिळायच्या? ते म्हणाले, "बागेत टोमॅटोला आधार द्यायला बांबूच्या काठ्या असतात ना, त्या आण, तासायच्या कशा ते मी दाखवतो."