मामेबहिणीच्या लग्नाला सायकलवर: पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि सगळे म्हणायला लागले, चला आता मज्जा, सुट्टीच सुट्टी. माझी सुट्टी अशी होती: एप्रिलभर बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर (सायकल रेसचा गोल ट्रॅक) प्रॅक्टिस, दुपारी अकरावीची व्हेकेशन बॅच (रिझल्ट लागायच्या आधीच, हो), जूनमध्ये सायकलिंगच्या ट्रायल्स (निवड चाचण्या) आणि मेमध्ये चिपळूणला मामेबहिणीचं लग्न. आई म्हणाली पाच दिवस सायकल बंद. सायकलिंगचे सर म्हणाले, "पाच दिवस बंद? मग सायकलवरच जा लग्नाला." ते गमतीत बोलले होते, मी नाही.

तर आम्ही तिघं निघालो. मी, आमच्या ग्रुपमधली एक ताई (ती कॉलेजला आहे, टाइम ट्रायलवाली म्हणजे एकटीने घड्याळाशी रेस करणारी, माझ्यापेक्षा बरीच शहाणी) आणि मागे गाडीत बाबा. रूट म्हणजे पुणे, वाई, महाबळेश्वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबेनळीने पोलादपूर आणि मुंबई-गोवा हायवेने चिपळूण, लग्नानंतर कुंभार्ली घाटाने वर कराड. शाळकरी वयाचं कोणी हे करणार असेल तर मागे गाडी हवीच, त्यात कमीपणा काही नाही, पुढे कळेलच.

कात्रजहून पहाटे पावणेपाचला निघालो, जुन्या घाटाने. खंबाटकीचं टेन्शन होतं पण साताऱ्याकडे जाताना जुना घाट वन-वे आहे, समोरून कोणी येत नाही, डावी कड धरून शांतपणे चढायचं, फक्त इंजिन तापून बाजूला उभे राहिलेले ट्रक असतात त्यांना वळसा घालताना आधी मागे बघा. सुरूर फाट्याला वळलं की हायवे सुटतो आणि एकदम बरं वाटतं. वाईला नऊच्या आत पोचलो आणि इथे मी पहिली चूक केली, मिसळ खाल्ली. दोन पाव एक्स्ट्रा.

पसरणी घाट खरंतर सोपा आहे. वाई ते पाचगणी साधारण १२ किमी, एकसारखा चढ, कुठेही भिंतीसारखा अंगावर येत नाही. सर सांगतात केडन्स (मिनिटाला पेडलचे किती फेरे) ९० च्या खाली जाऊ देऊ नको, घाटात ते मला शक्य नाही पण ७५ ठेवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात एक काका साध्या गिअरच्या सायकलवरून, पाठीला सॅक लावून, "चला बेटा" म्हणत पुढे गेले. झालं. मी उठले सीटवरून आणि मागे लागले, ताई ओरडतीये अगं रेस नाहीये, पण ऐकतंय कोण. काकांना गाठलं, मागे टाकलं, आणि दोन किलोमीटरवर मिसळीने मला गाठलं. कठड्याशी थांबून धोम धरणाचं पाणी बघतीये असं नाटक करत होते तेव्हा काका त्याच स्पीडने परत पुढे गेले आणि एका माकडाने माझ्या जर्सीच्या मागच्या खिशातून केळं काढून नेलं. घाटात थांबायचं तर खिशात वास येणारं काही ठेवू नका, गाडीत द्या.

महाबळेश्वरला मेमध्ये रूम शनिवार-रविवारी शोधायला जाऊ नका, आम्ही मुद्दाम मंगळवारी गेलो. आणि खायला एनर्जी जेलवर पैसे घालवू नका, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बाटलीत लिंबू-मीठ-साखर, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं, एवढ्यावर भागतं.

दुसरा दिवस आंबेनळी. लोक चढाला घाबरतात, मी म्हणते उताराला घाबरा. महाबळेश्वर १३७२ मीटरवर आणि पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या लेव्हलला, आणि मधले ४० किमी जवळपास सगळा उतारच. सकाळी सहाला एवढी थंडी की ताईने मला जर्सीच्या आत पेपर घालायला लावला, छातीवर, जुनी युक्ती आहे आणि मस्त चालते. माझा प्रॉब्लेम वेगळाच होता. ट्रॅक सायकलला ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं, चाक फिरतंय तोवर पाय फिरतात, महिनाभर तेच केल्यामुळे उतारावरही माझे पाय आपोआप फिरत होते आणि वळणावर आतल्या बाजूचं पेडल वर घ्यायचं लक्षातच येईना. एका डाव्या वळणाला पेडल रस्त्याला घासलं, खर्रर्र, आणि मागचं चाक जरासं उचललं गेलं. पडले नाही. पण त्यानंतर प्रत्येक वळणाआधी मोठ्याने "आतला वर" म्हणत उतरले, ताई हसून बेजार.

माझी रिम ब्रेकवाली सायकल आहे, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडीलाच घासतो, ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, म्हणून दाब-सोड दाब-सोड करायचं, आणि प्रतापगड फाट्याला थांबून रिमजवळ हात नेऊन बघायचा, लावायचा नाही. कार्बन रिम असेल तर या घाटात आणूच नका. ब्रेक पॅड नवीन टाकून जा. २०१८ मध्ये याच घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या लोकांची बस दरीत गेली होती, बाबा ते दोनदा बोलले, मग मीपण मुकाट हळू झाले. पावसाळ्यात तर हा रूट विसराच, दरड येते आणि घाट बंद करतात.

पोलादपूरला साडेआठ वाजता उतरलो आणि कोणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. वर कुडकुडत होतो आणि इथे घाम वाळतच नाही. आम्ही कशेडीचा बोगदा सोडून जुन्या घाटाने गेलो, सावली बरी आहे, पण साडेदहाला माझ्या हातावर काटा आला. उन्हात काटा! ताईने बघितलं आणि सरळ सायकलवरून उतरवलं. ऊन लागायची ती सुरुवात असते, घाम थांबला, अंगावर काटा आला, डोकं दुखायला लागलं की संपलं, थांबायचंच. खेडच्या अलीकडून मी गाडीत, मानेवर ओला टॉवेल, परशुराम घाट काचेतून बघितला. ताई एकटी सायकलवर चिपळूणला पोचली आणि वर मलाच कोकम सरबत आणून दिलं. कोकणात मेमध्ये दहाच्या आत सायकल उभी करायची, म्हणजे आमचा हा दिवस दोन दिवसांत करायला हवा होता, पोलादपूरला मुक्काम टाकून.

लग्नाचं काय सांगू, आजीने माझे हात बघितले, मनगटापर्यंत गोरे आणि वर काळे, आणि म्हणाली, "दोन मुलींचे जोडलेत की काय गं?" मेंदी वाळते न वाळते तोच मी पाय मोकळे करायला बहादूरशेख नाक्यापर्यंत फिरून आले. येताना पंक्चर. आणि तिथल्या हवेच्या मशीनची नळी आपल्या बारीक वॉल्व्हला बसतच नाही, तेव्हा पितळी अडॅप्टर सीटखालच्या पाऊचमध्ये ठेवा, छोटी वस्तू आहे पण नसली तर सायकल हातात घेऊन चालावं लागतं. मी चाललेय.

कुंभार्लीला मात्र शहाणपण केलं. पहाटे पाचला निघून, वाशिष्ठी नदीच्या कडेने (मेमध्येही पाणी असतं कारण कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून हिच्यात येतं, हे बाबांनी गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं), ऊन चढायच्या आत घाट संपवला. रस्ता मधेमधे उखडलेला, ट्रक भरपूर, २५ पेक्षा २८ मिमी रुंदीचे टायर बरे. मागे ३२ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकाची गिअरची चक्रं) असती तर आणखी बरं झालं असतं, माझी २८ ची आहे, शेवटच्या वळणांना उभी राहून चढवली. हेळवाकला चहा-बिस्कीट, मग पाटण, आणि कराडला साडेअकराला सायकली कॅरियरवर. कराड ते पुणे हायवे मी केला नाही, बोअर आहे.

एकच राहिलं. माझ्या पांढऱ्या बार टेपवर (हँडलला गुंडाळतात ती पट्टी) मेंदीचे केशरी डाग पडलेत, साबणाने जात नाहीयेत, सर रोज विचारतात हे काय. कोणाला उपाय माहीत असला तर सांगा, नवीन टेप जूनच्या आधी मिळणार नाहीये.