ओट्याजवळची भिंत

रविवार, श्रावण

स्वयंपाकघरात शोभेचं काही लावायचं असेल तर जागा दारात उभं राहून ठरवू नये, ओट्याशी उभं राहून ठरवावी. पाहुणा दारातून एकदा डोकावतो आणि बैठकीत जाऊन बसतो. दुधावर लक्ष ठेवत, पोळ्या भाजत तिथं उभी असते ती मी. म्हणून आज जुन्या साडीच्या काठाच्या तीन गोल रिंगा लावल्या त्या माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर. ‘किचन’ असं इंग्रजीत लिहिलेल्या पाट्या बाजारात मिळतात, त्यांचं प्रयोजन मला कधी कळलं नाही. कुकरची शिट्टी सांगतेच की आपण कुठं आहोत ते!

तशी आपल्याकडची ही भिंत कोरी कधीच नसायची. कॅलेंडर तर असायचंच, आणि श्रावण लागला की देवाजवळ जिवतीचा कागद. वर नरसिंह, मग कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. लहानपणी वरणभात खाताना मी त्या वाघाकडेच बघत बसायची.

सामान सगळं घरातलंच, फक्त भरतकामाच्या लाकडी रिंगा बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणल्या. कापड म्हणजे आईची जुनी करवतकाठी, काठावर करवतीसारखे दाते असलेली टसर रेशमाची साडी. टसरचं अंग घड्यांवर चिरलेलं, नेसायच्या कामाचं राहिलंच नव्हतं. काठ मात्र शाबूत. आपल्या विदर्भातलं टसर ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचं, गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यातलं. त्याला रंग दिला नाही तरी चालतं, मुळातच तो मधासारखा असतो. या साडीत तोच रंग तसाच ठेवलाय.

कात्री हातात घेतली तशी आई आलीच.

“काय करून राहिली गं?”

“काठ कापून राहिले.”

“काप. पण कात्री सरळ चालव.”

मला वाटलं होतं रुसेल. उलट चष्मा लावून शेजारी बसली आणि काठ खिडकीशी धरून मला दाखवायला लागली. प्रत्येक दाता पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जातो आणि टोकाला निमुळता होतो. अंगाचा आडवा धागा आणि काठाचा आडवा धागा तिथं एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून कापड उलटं केलं तरी दाते तसेच दिसतात. इतकी वर्षं ही साडी पाहिली, पण नेसलेल्या साडीचा काठ इतक्या जवळून कोण बघतं?

टसर कापलं की लगेच उसवतं. म्हणून खाली मांजरपाटाचा गोल घेतला, त्यावर काठाची पट्टी टाचली, दोन्ही रिंगेत ताणून बसवलं आणि मागचं उरलेलं कापड धावदोऱ्यानं चुण्या पाडून ओढून घेतलं. त्यावर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. डिंक, फेव्हिकॉल काही नाही. एक तर टसरवर डाग दिसतो, दुसरं म्हणजे आईनं विचारलंच, “फोडणीचा धूर बसला म्हणजे?” स्क्रू सैल करायचा, कापड काढायचं, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुवायचं. चिकटवलेलं असतं तर दोन दिवाळ्यांत फेकावं लागलं असतं. गॅसच्या वरच्या भिंतीवर मात्र कापडाचं काही लावूच नये. तिथं टाइल्स बऱ्या, पुसता येतात.

टांगायला खिळेच. दोन्हीकडून चिकटणारी टेप आपल्या नागपुरात हिवाळ्यापुरती खरी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, त्यात कुलरची ओल. टेप सुटते आणि डिस्टेंपरची पपडीही सोबत घेऊन येते.

तिन्ही रिंगा लागल्यावर आई म्हणाली, “दाते वर कसे?”

“खालच्या काठाचे वरच असतात ना, अंगाकडे.”

“अन् वरच्या काठाचे?”

वरच्या काठाचे खाली, अर्थातच. आईचं म्हणणं, साडीला काठ दोन असतात, तर भिंतीवर एकच का दाखवायचा? मधली रिंग तिनं स्वतः काढली, उलटी करून लावली आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. बरं दिसतंय खरं. पदराचा तुकडा अजून उरलाय. त्याचं मी टेबलावर काही करणार होते, पण आईनं तो घडी करून आपल्या कपाटात नेऊन ठेवला.